आयआरसीवर ‘हॅलो सर’ लिहिलं, दहा मिनिटं कोणी बोललं नाही. आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, लिनक्स वापरतो, डेस्कटॉपवरच्या ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये हात घालायची इच्छा आहे. प्रोजेक्टच्या माहितीत ‘आयआरसीवर भेटा’ असं होतं (आयआरसी म्हणजे इंटरनेटवर मजकुराने गप्पा मारायची जुनी सोय) म्हणून हेक्सचॅट हा त्यासाठीचा प्रोग्रॅम टाकला. चॅनलमध्ये गेलो, यादीत दोनशे नावं दिसली, ‘हॅलो सर, आय वॉन्ट टू कॉन्ट्रिब्यूट’ असं लिहिलं. दहा मिनिटं कोणी हूं की चूं केलं नाही, मग बंद केलं. आयआरसी मेलंय का, सुरुवात कुठून करू, आणि इंग्रजी कच्चं आहे त्याचं काय?

तिसऱ्या वर्षाला आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

त्या दोनशे नावांमागे दोनशे माणसं स्क्रीनसमोर बसलेली नव्हती. बहुतेकांचा क्लायंट (आयआरसीला जोडणारा प्रोग्रॅम) कुठल्यातरी सर्व्हरवर रात्रंदिवस चालू असतो आणि माणूस ऑफिसात, झोपेत नाहीतर पोरांना शाळेत सोडायला गेलेला असतो. दिवसातून दोन-तीनदा तो येतो, वर सरकवून वाचतो, आणि ज्याचं उत्तर येतं त्याला उत्तर देतो. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीकडून ठेवतो तशी अपेक्षा इथे चालत नाही, कारण उत्तर देणं हे इथे कोणाचंच नेमून दिलेलं काम नाही. शिवाय घड्याळ बघ. आपले सकाळचे दहा म्हणजे जर्मनीत उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेपाच, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र. भारतातून बोलायचं तर दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ धर. तेव्हा युरोप कामावर असतो आणि साडेसहा-सातनंतर अमेरिकाही उठते.

दुसरी अडचण अशी की आयआरसीला आठवण नाही. व्हॉट्सअॅपवर फोन बंद असला तरी मेसेज थांबून राहतो. इथे तू बाहेर पडलास की त्यानंतर चॅनलमध्ये जे बोललं गेलं ते तुझ्यापर्यंत कधीच पोचत नाही. तुला चाळीस मिनिटांनी कोणी उत्तर दिलं असेल तर ते तू गेल्यावर दिलं गेलं. म्हणून जुनी माणसं बाउन्सर ठेवतात. झेडएनसी हा त्यातला नावाजलेला. रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) किंवा स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) तुझ्या नावाने चॅनलमध्ये बसून राहतो आणि तू आलास की मधलं सगळं दाखवतो. क्वासेल नावाच्या क्लायंटमध्ये हीच सोय मुळातच आहे: त्याचा ‘कोअर’ एका मशीनवर कायम जोडलेला, खिडकी तुझ्या लॅपटॉपवर. हे दोन्ही जमत नसेल तर कॉलेजच्या दिवशी लॅपटॉप संध्याकाळभर चालू ठेव, तेवढंही पुष्कळ.

पण खरं सांगायचं तर वेळ बरोबर असती तरी तुझ्या त्या वाक्याला उत्तर काय द्यायचं? ‘कॉन्ट्रिब्यूट करायचंय’ या बोलण्याला समोरचा फार तर ‘या’ म्हणेल. काम काय द्यावं हे त्याला ठरवायला लागतं, आणि तुला काय येतं ते त्याला माहीत नाही. तेच तू ‘मी हा प्रोग्रॅम सोर्सवरून (मूळ कोडवरून) बिल्ड केला, अमुक फाईलमधलं अमुक फंक्शन बदललं, आता देवनागरी मजकूर टाकला की हे असं होतं, का होत असावं?’ असं विचारलं असतंस तर त्या दोनशेतल्या निदान एकाला हात शिवशिवल्याशिवाय राहिलं नसतं. चॅनलमध्ये जाण्याआधी स्वतःच्या मशीनवर काहीतरी उघडलेलं, मोडलेलं असावं. पुढचं सगळं उत्तर याच मुद्द्याचं आहे.

‘मेलंय का’ हे आधी संपवतो. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने ऑगस्ट १९८८ मध्ये आयआरसी लिहिलं. मे १९९३ मध्ये त्याचे नियम आरएफसी १४५९ या इंटरनेटच्या दस्तऐवजात छापले गेले आणि आजचे सर्व्हर बहुतांशी तेच बोलतात. गर्दी ओसरली आहे, यात वाद नाही. मोझिलाने मार्च २०२० मध्ये स्वतःचा आयआरसी सर्व्हर बंद करून मेट्रिक्स ही नवी चॅटची व्यवस्था धरली, गनोम डेस्कटॉपची मंडळीही तिकडेच बोलतात. पण डेबियन अजून ओएफटीसी या नेटवर्कवर आहे, आणि लिब्रेऑफिस, जेंटू, पोस्टग्रेस यांची चॅनलं लिबेरा चॅटवर भरलेली असतात.

त्या लिबेराची गोष्ट तुला माहीत असावी, कारण नेटवर पडलेल्या जुन्या लेखांत सगळीकडे ‘फ्रीनोड’ असं लिहिलेलं सापडेल. फ्रीनोड हे ओपन सोर्सवाल्यांचं सर्वांत मोठं नेटवर्क होतं. २०२१ मध्ये त्याच्या मालकीवरून वाद पेटला, ते चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी एकत्र राजीनामे दिले आणि १९ मे २०२१ रोजी लिबेरा चॅट सुरू केलं. आठवडाभरात फ्रीनोडच्या नव्या कारभाऱ्यांनी, ज्या चॅनलांच्या टॉपिकमध्ये लिबेराचा उल्लेख होता अशी शेकडो चॅनलं ताब्यात घेतली. जे प्रोजेक्ट अजून काठावर होते तेही मग निघाले. यात मला भावतं ते असं की कोणालाही नवीन अॅप उतरवावं लागलं नाही. क्लायंटमध्ये सर्व्हरचा पत्ता बदलला, तेच निक (टोपणनाव), त्याच नावाचं चॅनल, काम चालू. याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजी बंद झालं तेव्हा असं काही करता आलं नाही, कारण तिथे पत्ता एकच होता आणि तो कंपनीचा होता. आमच्या पिढीने सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून त्या याहूवर रोमन मराठीत गप्पा मारल्या. लिनक्सवर आलो तेव्हा पिजिन या चॅट प्रोग्रॅममध्ये याहू, गूगल टॉक आणि आयआरसी एकाच खिडकीत मिळायचं. त्यातलं याहू गेलं, गूगल टॉक गेलं, आयआरसीचा टॅब अजून चालतो.

आता हात घालण्याबद्दल. पहिला प्रयोग क्लायंटशिवाय कर. आयआरसी हा साध्या मजकुराचा प्रोटोकॉल आहे, सर्व्हरशी तू कीबोर्डवरून थेट बोलू शकतोस. टर्मिनलमध्ये नेटकॅट या छोट्या प्रोग्रॅमने लिबेराच्या ६६६७ पोर्टला जोड. ‘निक’ ही आज्ञा आणि पुढे तुझं टोपणनाव, मग ‘यूजर’ची ओळ, मग ‘जॉइन’ आणि चॅनलचं नाव, सगळं हाताने टाईप कर. थोड्या वेळाने सर्व्हर ‘पिंग’ म्हणेल. त्याला ‘पाँग’ म्हणून तोच शब्द परत केला नाहीस तर तो तुला बाहेर काढेल. अर्ध्या तासात कळेल की हेक्सचॅट तुझ्या पाठीमागे काय-काय करत असतं. हे पोर्ट उघडं आहे, तिथे पासवर्ड टाकू नकोस. रोजच्या वापराला ६६९७ हे एनक्रिप्शनवालं पोर्टच ठेव. आणि हो, निक देवनागरीत ठेवायचा प्रयत्न करशील तर सर्व्हर नाकारेल. गंमत म्हणजे फिनलंडवाल्यांनी स्वतःची अक्षरं आत बसवून घेतली होती: त्यांच्या सात-बिटी अक्षरसंचात कंसांच्या जागी स्वीडिश-फिनिश स्वर असायचे, म्हणून आरएफसी १४५९ आजही सांगतो की महिरपी कंस हे चौकोनी कंसांचं ‘लहान लिपीतलं’ रूप समजावं. तुझ्या कोडमध्ये निकची तुलना करताना हे विसरलास तर दोन वेगळी वाटणारी निकं प्रत्यक्षात एकच निघतात.

मग हेक्सचॅटचा सोर्स. हा प्रोग्रॅम मी मुद्दाम सुचवतोय. एक्सचॅट नावाच्या जुन्या क्लायंटपासून तो फुटला, सीमध्ये लिहिलेला आहे, आणि एका माणसाला दोन-तीन आठवड्यांत वाचता येईल एवढाच आहे. लिब्रेऑफिसचा पहिला बिल्ड साध्या लॅपटॉपवर कित्येक तास खातो. इथे काही मिनिटांत निकाल दिसतो, आणि सुरुवातीला उमेद टिकायला तेच हवं असतं. डेबियन किंवा उबंटूवर असशील तर पॅकेजच्या यादीत सोर्सच्या ओळी चालू कर, ‘एपीटी बिल्ड-डेप’ने लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्या एका दमात घे, सोर्स उतरव, मेसन आणि निंजा या बिल्डच्या साधनांनी बिल्ड कर. इन्स्टॉल करताना प्रिफिक्स म्हणून आपल्या होम फोल्डरातली जागा दे, म्हणजे सिस्टिमवरचं चालू हेक्सचॅट जागेवर राहतं आणि तुझं मोडकं शेजारी नांदतं. सुडो (अॅडमिनचे हक्क) लावून वरच्यावर ओतायची सवय लावून घेऊ नकोस.

आता मराठी माणसाला सहज सापडणारी, आणि बाकीच्यांना सहसा दिसतही नाही अशी एक गोष्ट. आयआरसीची एक ओळ जास्तीत जास्त ५१२ बाइटची असते, शेवटचे दोन ओळ संपवायला जातात. उरलेल्यातही तुझं निक, यूजरनेम, होस्ट (तुझ्या मशीनचा नेटवरचा पत्ता), आज्ञा आणि चॅनलचं नाव सर्व्हर पुढे जोडतो. हातात साधारण सव्वाचारशे-साडेचारशे बाइट राहतात. इंग्रजीत तेवढी अक्षरं, म्हणजे चांगला मोठा परिच्छेद. पण यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हं असतात. ‘मराठी’ या शब्दाचे १५ बाइट होतात, ‘सॉफ्टवेअर’चे २७, एकट्या ‘क्ष’चे ९. म्हणजे आपल्या वाट्याला एका ओळीत पंचवीसेक शब्द येतात. क्लायंटने काळजी घेतली नाही तर सर्व्हर पुढचं कापून टाकतो, आणि वाईट म्हणजे पाठवणाऱ्याला स्वतःच्या खिडकीत वाक्य पूर्ण दिसत राहतं. समोरच्याला अर्धं मिळालं हे कळतच नाही.

हेक्सचॅट ही काळजी घेतं. सोर्समधल्या ‘कॉमन’ फोल्डरात आउटबाउंड नावाची सीची फाईल आहे, तिच्यात लांब मजकूर तोडणारं एक छोटं फंक्शन आहे. ते बस वाचत. ५१२ पासून सुरुवात करून एकेक खर्च वजा करत जातं. स्वतःचा होस्ट माहीत नसेल तर सर्वांत लांब होस्ट धरून चालतं. मग उरलेल्या बाइटांत मावेल तिथपर्यंत कॅरेक्टर मोजतं, म्हणजे तीन बाइटांचं चिन्ह मधूनच चिरलं जात नाही. शेवटी, जवळपास स्पेस सापडली तर शब्द न तोडता तिथे थांबतं. पण ‘जवळपास’ किती, हे रोमन लिपीच्या शब्दांना पुरेल अशा बेताने ठरवलेलं आहे. आपला शब्द त्या मापात बसला नाही की मधेच फुटतो.

आणि कुठे फुटतो? कॅरेक्टरच्या सीमेवर. युनिकोडचं कॅरेक्टर म्हणजे आपलं अक्षर नव्हे. ‘का’ हे आपल्याला एक अक्षर, पण मशीनला क आणि काना अशी दोन कॅरेक्टरं. त्यांच्यामध्ये चिरलं की पहिली ओळ ‘क’वर संपते आणि दुसरी ओळ ठिपक्यांच्या गोलावर लटकलेल्या कान्याने सुरू होते. जोडाक्षर असेल तर हलन्त एका ओळीत आणि पुढचं व्यंजन दुसऱ्या. हे प्रोग्रॅमरच्या अर्थाने ‘बरोबर’ आहे, एकही बाइट बिघडलेला नाही, आणि वाचणाऱ्याच्या अर्थाने चूक आहे. सुधारायचं कसं? हेक्सचॅट अक्षरं काढायला पँगो ही लायब्ररी वापरतं, आणि कर्सर कुठे थांबू शकतो हे पँगोला विचारता येतं. मात्र ‘कॉमन’ फोल्डर हा खिडक्या-बटणांपासून मुद्दाम वेगळा ठेवलेला भाग आहे, तिथे पँगो ओढून आणणं मला पटणार नाही. साधा उपाय म्हणजे तोडायच्या जागेवर पुढचं कॅरेक्टर जोडचिन्ह असेल, किंवा मागचं हलन्त असेल, तर आणखी मागे सरकणं. जीलिब या लायब्ररीत कॅरेक्टरचा प्रकार सांगणारी फंक्शनं आहेत. वीस-तीस ओळींचं काम आहे, पण ते करताना यूटीएफ-८, प्रोटोकॉल आणि दुसऱ्याच्या कोडची मांडणी, तिन्ही एकदम शिकशील. ‘जवळपास’ किती हे ठरवणारा तो आकडा नुसता वाढवून बघ आणि काय बिघडतं ते नोंदव, हाही चांगला प्रयोग आहे.

टर्मिनलमध्ये इरसी किंवा वीचॅट हे क्लायंट वापरणारे मित्र भेटतील आणि तेच खरे मर्द असल्यासारखं बोलतील. दोन्ही उत्तम आहेत, पण बहुतेक टर्मिनल प्रत्येक चिन्हाला चौकट देतात आणि देवनागरीच्या मात्रा-जोडाक्षरांची दाणादाण उडते. मराठीत बोलायचं असेल तर खिडकीवालं क्लायंटच बरं. तसं बघितलं तर आज डेस्कटॉपवर मराठी नीट दिसतंय हेही फुकटात झालेलं नाही. रेड हॅटने लोहित फाँट मोकळे केले, पुण्यातल्या त्यांच्या ऑफिसातून गनोम आणि फेडोराची मराठी भाषांतरं होत राहिली, नंतर हार्फबझने अक्षरजुळणी एका ठिकाणी आणली. त्याआधी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेलं चॅटवर टाकलं की समोर नुसता कचरा दिसायचा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हेक्सचॅटच्या मुख्य डेव्हलपरने फेब्रुवारी २०२४ मध्ये २.१६.२ ही शेवटची आवृत्ती काढून थांबतोय असं जाहीर केलं. ते जीटीके २ (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) वर उभं आहे, आणि जीटीके २ चा विकास डिसेंबर २०२० मध्येच संपला. म्हणजे शिकायला हे सोर्स झकास, पण तुझा पॅच (कोडमधली दुरुस्ती) तिथे स्वीकारला जाईल या भरवशावर राहू नकोस. पॅच रुजू व्हायला हवा असेल तर त्याच धर्तीचं काम चालत्या घरात ने. केडीई डेस्कटॉपचं कॉन्व्हर्सेशन आहे, सी प्लस प्लस आणि क्यूटी येत असेल तर. वीचॅट सीमध्ये आहे आणि नियमाने आवृत्त्या काढतं. गनोमचं पोलारी जावास्क्रिप्टमध्ये आहे. तिथे आधी एवढंच तपास की लांब देवनागरी वाक्य टाकल्यावर ते कुठे तोडतात. एका चॅनलमध्ये दोन निकं घेऊन स्वतःशीच बोल, म्हणजे पाठवलेलं आणि मिळालेलं शेजारी-शेजारी दिसेल. चूक सापडली तर तुझ्या हातात बग रिपोर्ट आहे, आणि तो कोणाकडून मागून घेतलेला नाही.

आता चॅनलमध्ये परत जा. आधी वरचा टॉपिक वाच, निम्म्या प्रश्नांची उत्तरं आणि दुवे तिथेच असतात. निक रजिस्टर कर आणि एसएएसएल (जोडतानाच पासवर्डने ओळख पटवायची सोय) चालू कर. मोबाइल इंटरनेटवर एकाच आयपीमागे बरीच माणसं असतात, त्यातल्या कोणी आधी धिंगाणा घातला असेल तर रजिस्टर न केलेल्याला दारातच अडवतात. ‘निकसर्व्ह’ला (निक सांभाळणाऱ्या सेवेला) पासवर्ड हाताने पाठवायचाच झाला तर सर्व्हरच्या टॅबमधून पाठव. चॅनलच्या खिडकीत स्लॅशच्या आधी एक स्पेस पडली की तो पासवर्ड दोनशे लोक वाचतात. कोणी ‘हूइज’ ही आज्ञा दिली की तुझा होस्ट दिसतो, तो नको असेल तर लिबेरावर क्लोक (होस्ट झाकणारं नाव) मागून घेता येतो.

‘कोणी आहे का’, ‘एक प्रश्न विचारू का’ हे गाळ, थेट प्रश्न टाक. सर-मॅडमची गरज नाही. तिथे विद्यापीठातला प्राध्यापक आणि शाळकरी पोर दोघेही निकनेच ओळखले जातात, आणि ‘सर’ वाचून काहींना अवघडल्यासारखं होतं. प्रश्नात डिस्ट्रो, आवृत्ती, वेलँड की एक्स-११ (स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या दोन व्यवस्था), आणि काय केल्यावर काय झालं एवढं असू दे. क्रॅश असेल तर डीबग सिम्बॉल टाकून जीडीबी या डीबगरचा बॅकट्रेस (क्रॅश कुठे झाला त्याची फंक्शनांची यादी) काढ. पण तो चॅनलमध्ये ओतू नकोस, सर्व्हर तुला फ्लड समजून हाकलेल. पेस्ट साइटवर ठेव आणि दुवा दे. न विचारता कोणाला खासगी मेसेज करू नकोस, उत्तर चार जणांसमोर मिळालं तर चूकही चार जण दुरुस्त करतात. आणि बरीच चॅनलं लॉग होऊन कायमची उघडी राहतात, हे लिहिताना लक्षात ठेव. एखादा फटकळ भेटेल, भेटतोच. तो कोडबद्दल बोलतोय तोवर ऐकून घ्यावं. तुझ्याबद्दल बोलायला लागला तर त्याला इग्नोरच्या यादीत टाकण्याची आज्ञा प्रत्येक क्लायंटमध्ये आहे.

इंग्रजीचं एवढं मनावर घेऊ नकोस. समोरचा फिन, ब्राझिलियन किंवा पोलिश असण्याची शक्यता भरपूर, त्याचंही इंग्रजी शाळेतलंच आहे. छोटी वाक्यं, एका ओळीत एक मुद्दा, एरर मेसेज आहे तसा. कॉलेजात प्रोजेक्ट रिपोर्टसाठी शिकवतात तसलं फुगवलेलं इंग्रजी मात्र तिथे अडचणच करतं. उत्तर कळलं नाही तर ‘हे कळलं नाही, उदाहरण द्या’ असं सरळ लिही.

हेक्सचॅट बिल्ड होताना अडलंस तर मेसनच्या लॉगमधल्या शेवटच्या तीसेक ओळी आणि डिस्ट्रोचं नाव इथे खाली टाक. बहुतेक वेळा एखादी डेव्ह लायब्ररी राहिलेली असते.